बरोबरची खूण

मुलगी आंघोळीला गेली तशी मास्तरांनी तिचा कागद पुढे ओढला आणि लाल पेन उघडलं. 'मेनी इन्फर्मेशन्स', तिने लिहिलं होतं. खाली 'मेनी इक्विपमेंट्स'. माहिती, सामान, पाणी या गोष्टी इंग्रजीत एक-दोन-तीन अशा मोजत नाहीत, तिथे 'मेनी' नको, 'मच' हवं, हे त्यांनी जन्मभर शाळेतल्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. पेन जरा थबकलं. मग दोन्ही ठिकाणी त्यांनी बरोबरची खूण केली.

मुलगी नर्स होती. इंग्रजीची लेखी परीक्षा पास झाली की परदेशातल्या इस्पितळात तिची नोकरी पक्की होती. मास्तरांना घरात दुसरं कुणी नव्हतं.

रोज सकाळी असंच चाललं.

शनिवारी ती क्लासहून आली ती तणतणतच. एक चप्पल दाराशी, एक कपाटाखाली. क्लासच्या बाईंनी तिची वाक्यं सगळ्यांदेखत चुकीची ठरवली होती. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. माझ्या बाबांनी तपासलंय, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून ते हेच शिकवतायत, असं तिने बाईंना तोंडावर सुनावलं होतं. वर्ग खो-खो हसला होता. कुणाला, ते तिला कळलं नव्हतं.

"आता तुम्हीच सांगा, बाबा. कोण बरोबर?"

मास्तर चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली. परीक्षा सोमवारवर आली होती.

"बाई बरोबर आहेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "खुणा माझ्या चुकल्या."

ती चिडेल, जाब विचारेल, म्हणून ते तसेच वाट पाहत उभे राहिले. विचारलं तर सगळं सांगून टाकायचं होतं. पण ती चिडली नाही. तिने गाळणी त्यांच्या हातातून काढून घेतली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर उकिडवी बसली. वॉर्डात म्हाताऱ्या रोग्यांशी बोलते तसा तिचा आवाज मऊ झाला होता.

"तुम्ही, आणि हे विसरलात?" तिने त्यांचं मनगट धरलं. "असं असेल तर माझ्याने जाववणार नाही, बाबा. खरं सांगा. आज वार कोणता?"

मास्तरांनी नजर खिडकीकडे वळवली.

"मंगळवार," ते म्हणाले.