मैनाचं शेवटचं पिल्लू

मैना फाटकात बसली ती बसलीच.

वच्छलाने पट्टा हलकेच ओढला. "चाल माय, नहराकडं जाऊन येऊ." मैनाने मान वळवून घराकडे पाहिले आणि पुढचे पाय आणखी घट्ट रोवले.

ओसरीत दुर्गेश्वरी बसली होती. गोंदियाच्या एका शाळेत ती मुलांना खेळ शिकवायची. वच्छलाचे यजमान केशोराव यांच्याकडचे शेवटचे पिल्लू न्यायला ती सकाळीच मोटार घेऊन आली होती, आणि ते तांबूस पिल्लू तिच्या मांडीवर बसून ओढणीचे टोक चावत होते. समोर अंगणात बांबूचे अडथळे रोवलेले होते. त्यांवरून उड्या मारायला शिकलेली मैना नागपूरच्या श्वानस्पर्धेत पहिली आली, तेव्हा दुर्गेश्वरी प्रेक्षकांत होती. त्या दिवसापासून तिला मैनाचेच पिल्लू हवे होते.

"काका, ऐकून नाही राहिली का ती?" तिने विचारले.

केशोराव ओशाळले. आजवर लोक त्यांच्याकडे येत होते ते मैनाचे ऐकणे पाहूनच. 'बस' म्हटले की शेजारून दुसरा कुत्रा भुंकत गेला तरी ती जागची हलत नसे. ते पायरीवर आले आणि मैदानात काढायचे त्या आवाजात म्हणाले, "मैना, चल."

मैनाचे कान हलले. ती उठली नाही.

"ओढ वो तिले," केशोराव बायकोला म्हणाले. "आज काऊन असी करून राहिली?"

"तिले समजलं," वच्छला म्हणाली.

या खेपेला मैनाला सात पिल्ले झाली होती. गिऱ्हाईक यायचे असले की वच्छलाने मैनाला फिरायला न्यायचे आणि मागे केशोरावांनी पिल्लू द्यायचे, अशी रीत होती. रीत केशोरावांचीच. आईच्या डोळ्यांदेखत पिल्लू उचलले तर ती झुरते, असे ते म्हणत. मैना शेपटी हलवत, पट्टा ताणत कालव्याच्या पाळीने जायची. परत आली की ओसरीतली पिल्ले एकेक करून हुंगायची, आणि मग बाजेखाली, धानाच्या पोत्यांमागे, मोरीत, सगळीकडे शोधत फिरायची. शोधून दमली की वच्छलाच्याच मांडीवर डोके टेकायची. वच्छलाला ते डोके जड व्हायचे. हात फिरवावा तरी कसा, हेच तिला कळत नसे.

"तिच्यासाठीच करतो ना मी हे," केशोराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले.

"मले मालूम आहे. पन पट्टा माह्या हातात रायते."

तिने खाली वाकून मैनाच्या गळ्यातली कडी काढली.

मैना सरळ ओसरीकडे निघाली. केशोराव घाईने मागे धावले. कितीही गरीब कुत्री असली तरी पिल्लापायी चावते, हे त्यांनी पाहिलेले होते. "पोरी, हलू नको," ते म्हणाले. दुर्गेश्वरी तशीही हलली नसती.

मैनाने आधी पिल्लू हुंगले. मग दुर्गेश्वरीचे हात, एक एक बोट, मनगट, ओढणी. पिल्लू धडपडत खाली उतरले आणि आईच्या पोटाखाली शिरले. दूध आटून आठवडा झाला होता, तरी मैना उभी राहिली. पिल्लू ओढत होते, ढुशा देत होते. थोड्या वेळाने ती गुरगुरली. पिल्लू दचकून उताणे पडले. तिने त्याचे पोट चाटले. ते पुन्हा आले, तशी ती पुन्हा गुरगुरली, या वेळी दात दाखवून. नाकाने त्याला बाजूला लोटले आणि दोन पावले मागे जाऊन उभी राहिली.

पिल्लू मध्येच थबकले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग वळून दुर्गेश्वरीच्या पायांवर चढले.

"नेऊ का?" दुर्गेश्वरीने विचारले. ती मैनाकडे पाहत होती.

"ने," केशोराव म्हणाले.

मोटार निघाली तेव्हा मैना फाटकापर्यंत मागोमाग गेली. गाडी बांधाआड दिसेनाशी झाली, तिचा आवाजही गेला, तरी ती थोडा वेळ तिथेच होती. मग आत आली, भांड्यातले पाणी लपलप करीत बराच वेळ प्याली आणि अंगणात सावलीला जाऊन आडवी झाली.

केशोराव पायरीवर बसून राहिले. आता उठेल, आता शोधायला लागेल, म्हणून ते तिच्याकडे पाहत होते. सावली सरकली तशी मैना एकदा उठली, सावलीत सरकून पुन्हा झोपली. वच्छलाने त्यांना जेवायला हाक मारली. ते गेले नाहीत.

शेवटी तीच बाहेर आली. "काय झालं?"

"तिरोड्याचा तो भूपेंद्र," केशोराव म्हणाले, "सगळ्यात आधी पिल्लू नेलं ना त्यानं. त्याले फोन लाव बरं."

"आता कायले?"

केशोरावांनी मैनाकडे पाहिले. झोपेत मैनाचा एक पाय हलत होता.

"त्याले म्हन, एक दिवस पिल्लू घेऊन ये. बस घडीभर," ते म्हणाले. "आन जातानी हिच्यासमोरून घेऊन जाय."