आठवं लेबल

अक्काताई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा धनपाल निळी फुलदाणी उपडी धरून बसला होता.

"हिचंबी लेबल गेलंय, वैनी," तो म्हणाला आणि रुमाल खिशात ठेवला. "नुसता डिंकाचा डाग राह्यलाय."

"सातवं की हो हे! आता?"

"आता काय, पुस्तकात बघाय लागतंय. पुढच्या गुरुवारी येऊन सांगतो."

अक्काताईंचे यजमान फाउंड्रीच्या यंत्रांसाठी इटलीला जायचे आणि दर खेपेला मुरानो बेटावरची काचेची एक वस्तू घेऊन यायचे. ती घरी जायच्या आधी महाद्वार रोडवर, धनपालच्या काचसामानाच्या दुकानात यायची. मग दोघे मित्र भिंग घेऊन लेबल वाचत बसायचे. कुठली खूण कोणत्या भट्टीची, कुठला आकडा कुणाचा, सगळं धनपालला तोंडपाठ. आता मित्र नव्हता आणि दुकानही नव्हतं. दुकानाची एकच आठवण अंगावर उरली होती, चिठ्ठ्या खरवडायला वाढवलेलं अंगठ्याचं नख.

अक्काताईंची मुलगी रुचिता आईला कायमची पुण्याला न्यायला टपली होती. आठ वस्तूंच्या भट्ट्यांची नावं कळली, की वस्तू एका संग्राहकाकडे जाणार आणि घराला कुलूप लागणार. लेबलं असती तर एका दुपारचं काम. लेबल नसलं की मग रंग बघा, तळ कसा घासलाय ते बघा, पुस्तकं चाळा. एकेका वस्तूला एकेक गुरुवार.

"आई, तूच घासून धुतेस काय गं?" रुचिता फोनवर करवादली. "बाबा होते तेव्हा सगळ्यांना लेबलं होती!"

"मी कशाला धुवू? कपाट तरी उघडते का मी?" अक्काताई म्हणाल्या. कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

धनपालने बशीत आणखी चहा ओतला.

त्याला घरी जायची घाई कधीच नसायची. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरात, महिन्यातून एक फोन, तोही गाडी चालवता चालवता. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत एकट्याने दोन घास खायचे आणि मग ती लांबलचक संध्याकाळ खायला उठायची. गुरुवारी तेवढं अक्काताई समोर बसून वाढायच्या, भाजीत मीठ जास्त झालं का विचारायच्या. बुधवारी दुपारपासूनच धनपालला बरं वाटायला लागायचं.

आठव्या गुरुवारी अक्काताईंनी कपाटातून हंस काढला.

"हा शेवटचा," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

धनपालने रुमाल काढला, हंस वळवला. शेपटीखाली काहीच नव्हतं. मागच्याच गुरुवारी कपाटाच्या काचेतून तिथलं चंदेरी लेबल त्याने स्वतः पाहिलं होतं. त्याने बोट फिरवून नाकाशी नेलं. खोबरेल तेलाचा वास. दुकानात चिवट चिठ्ठ्या तो असंच तेल लावून सोडवायचा.

अक्काताई बाहेर आल्या. "हाय का हो लेबल?"

"न्हाय."

"मग?" त्यांनी बोटं पदराला पुसली. पदरावर तेलाचा डाग उमटला.

धनपालने रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

"हंसाचं अवघड असतंय, वैनी. लई भट्ट्यांनी केल्यात. दोन-तीन गुरुवार तरी जातील."

"जाऊ देत की. रुचिताला मी सांगते. आता जेवूनच जावा, दिवस हाय अजून."

घरी आल्यावर धनपालने टेबलाच्या खणातून वही काढली. सात पानांवर सात लेबलं चिकटवलेली होती. एकाचाही कोपरा फाटलेला नव्हता. प्रत्येकाखाली वस्तूचं नाव आणि त्या गुरुवारची तारीख. आठव्या पानावर त्याने 'हंस' लिहिलं, तारीख घातली. चिकटवायला आज त्याच्याकडे काहीच नव्हतं.