डब्यातला रातकिडा

"ऑफिसात ज्याचं लक्ष सर्वांत जास्त, त्याला यंदाची एकुलती एक बढती; म्हणजे माझीच," मृणालिनी फणसळकर मनगटावरचा लक्षमापक दाखवत म्हणाली. "कानात ओढ्याचं रेकॉर्डिंग, लक्ष चौऱ्याण्णव टक्के!"

शेजारच्या शकूचं नव्व्याण्णव होतं. "अय्या, तू अजून रेकॉर्डिंगच ऐकतेस? माझ्या डब्यात कोबीच्या पानावर खरा रातकिडा आहे बाई."

मृणालिनीचा नुसता जळफळाट झाला. शकू चहाला जाताच तिने तो डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. किरकिर ऐकून तिचा आकडा थेट शंभरावर गेला. काम मात्र एक ओळही पुढे सरकेना, कारण सगळं लक्ष किड्याकडे होतं.

जेवायला सगळे एकत्र बसले. साहेबांनी नेहमीसारखा हक्काने तिच्या पिशवीतून डबा काढला आणि बोलता बोलता कोबीच्या पानासकट मोठा घास घेतला.

आता साहेबांच्या पोटात किरकिर होते आणि त्यांचा आकडा शंभरावरून हलत नाही. बढती त्यांना मिळाली.