देश कुणी बुडवला?

"बाहेरच्यांनी आपला माल अडवला, म्हणून देशावर ही वेळ आली," माजी अर्थसचिव सैल झालेला कोट सावरत म्हणाले.

"दरवेळी बाहेरच्यांच्या नावानं खडे फोडू नका. तिजोरी साफ केली ती तुमच्याच साहेबांनी," प्राध्यापक बाई कडाडल्या.

टीव्हीवरची ही चर्चा चालवणारी निवेदिका दोघांकडे आळीपाळीने बघून मान डोलावत होती. जीव मात्र अडकला होता तो टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या बिस्किटांच्या बशीत. बशी नुसती शोभेची. कॅमेरा चालू असताना तिला हात लावायचा नाही, असा दंडकच होता, आणि कार्यक्रम संपला रे संपला की मॅनेजर ती उचलून कपाटात कुलूपबंद करायचे. तिकडे घरी तिची लेक सकाळपासून उपाशी होती.

आता आशा होती ती फक्त विजेची. ती रोज याच सुमाराला दगा द्यायची, आणि जनरेटर धडधडेपर्यंत मिनिटभर तरी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख असायचा. आज नेमकी जाता जात नव्हती. निवेदिकेने टेबलाखाली पर्सची चेन उघडून ठेवली.

अर्थसचिव सरसावून पुढे झुकले. बाईंनीही खुर्ची पुढे ओढत आवाज चढवला.

"लोकांच्या तोंडचा घास नक्की कुणी पळवला, ते मी आज पुराव्यानिशी..."

वीज गेली. निवेदिकेने झटकन हात पुढे केला.



बशीत आधीच दोन हात होते.