तव्यावरची रेघ

तुर्की हॉटेलात टोमॅटोत शिजवलेली अंडी तव्यासकट टेबलावर आली. ताटल्या नव्हत्याच. "आमच्याकडे दोघं मिळून यातच पाव बुडवतात," मालक म्हणाला.

मैत्रिणीने ठरवलेल्या या पहिल्याच भेटीत शैलजाताई अवघडल्या. समोरच्या नाडकर्ण्यांनी चमच्याने तव्याच्या मधोमध रेघ ओढली. "ती बाजू तुमची. उष्टं व्हायला नको."

बरं वाटलं शैलजाताईंना.

"ही गेल्यापासून मी पातेल्यातूनच खातो," नाडकर्णी म्हणाले. "एकट्यासाठी ताट कुठे घ्यायचं?"

"हे गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवते."

बोलता बोलता नाडकर्ण्यांची बाजू साफ झाली. पलीकडे मात्र त्यांनी हात घातला नाही, कोरडाच पाव चावत बसले.

शैलजाताईंनी तवा अर्धा फिरवला. "माझं उष्टं चालेल ना?"