दसऱ्याची दोन पावलं

"एवढंच?" जगन्नाथराव म्हणाले.

मोंटानातल्या त्या दाट झाडीतून, कुणी वस्तरा फिरवावा तशी एक उघडी पट्टी सरळ डोंगरावर चढत गेली होती. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. मध्ये ना तार, ना शिपाई.

"एवढंच, बाबा," प्रसाद म्हणाला. "पण ओलांडायचं नाही."

सकाळपासून त्याला याचीच धास्ती होती. आज दसरा, आणि जगन्नाथरावांचं सीमोल्लंघन पासष्ट वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. पाय प्लास्टरमध्ये होता त्या वर्षीही ते रिक्षा करून नागपूरच्या नाक्यापलीकडे जाऊन आले होते. हे दोन देशांत पसरलेलं उद्यान त्यांनीच शोधून काढलेलं. दोन्ही सरकारांनी मैत्रीखातर एक केलंय म्हणजे इकडून तिकडे मोकळीकच असणार, अशी त्यांची पक्की समजूत. ती वेळेवर मोडायला प्रसादची जीभ काही रेटली नव्हती.

"दोन पावलं तर आहेत. जातो आणि येतो."

"तुमच्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही. आणि माझं इथल्या व्हिसाचं स्टॅम्पिंग एक्स्पायर झालंय. बाहेर पडलो तर परत येता येईल याची गॅरंटी नाही. म्हणून तर सहा वर्षं नागपूरला आलो नाही ना."

शेवटचं वाक्य तोंडून निसटलं. फोनवर तो नेहमी कामाचं निमित्त सांगत असे.

जगन्नाथरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पट्टीकडे पाठ फिरवली. प्रसादला फार वाईट वाटलं.

"इला," त्यांनी आठ वर्षांच्या नातीला विचारलं, "सीमोल्लंघनाला कुठली सीमा ओलांडायची असते? सांगितलं होतं ना मी?"

"व्हिलेजची," इला म्हणाली. "अवर ओन व्हिलेज."

"मग झालं की. आपलं गाव एडिसन. त्याची वेस आज पहाटेच ओलांडली, विमानतळावर जाताना."

प्रसादच्या घरी राहायला आल्यापासून चार महिने ते 'तुमचं एडिसन' असंच म्हणत आले होते. प्रसाद नमस्काराला वाकला, तो लवकर उठेचना.

"ऊठ आता," जगन्नाथराव म्हणाले. "सूनबाईला फोन कर. आपण घरी पोचू तेव्हा दारात ओवाळायला तयार राहा म्हणावं."