न दुखलेली दाढ

वडिलांचा दातांचा दवाखाना आता लेक चालवत होती. तीन वर्षांपूर्वी, जायच्या थोडं आधी, त्यांनी याच खुर्चीत आईची दाढ भरली होती. ती आतून पुन्हा किडली होती.

“सिमेंट काढू नकोस गं. त्यांचं शेवटचं काम आहे ते,” आई म्हणाली.

“दाढ जाईल, आई. आ कर बघू.”

तेव्हा त्यांचा हात थरथरायला लागला होता. पेशंट फिरकेनासे झाले, म्हणून आईच आपली दुखरी दाढ घेऊन त्यांच्यापुढे बसली. नंतर घरोघर सांगत सुटली, “इंजेक्शनसुद्धा दिलं नाही, आणि मला कळलंसुद्धा नाही! हात कसला थरथरतोय त्यांचा?”

सिमेंट निघालं. लेक वाकून बघतच राहिली.

“आई, ही कीड नवी नाही. बाबांनी कीड कोरायचं मशीन लावलंच नव्हतं गं. किडीवरच सिमेंट बसवलंय.”

“काहीतरीच! चांगलं घुर्रघुर्र चाललं होतं की.”

“दाताला न लावता नुसतंच फिरवलं असेल.” लेकीने हातातला आरसा खाली ठेवला. “तुला लागेल म्हणून घाबरले असतील.”

आईने डोळे मिटले. त्या दिवशी खुर्चीतून उतरताना ती म्हणाली होती, “बघा, हात अजून पहिल्यासारखाच आहे तुमचा.” त्यावर ते बेसिनकडे वळले होते, आणि पाठमोरे उभे राहून कितीतरी वेळ हात धूत राहिले होते.